मदत हवी आहे: रिपीटर ऐकू येतो, पण उघडत नाही

मंडळी, रविवारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हॅमवाल्यांची (हौशी रेडिओवाल्यांची) रिपीटरवरची, म्हणजे आपला सिग्नल पकडून लांबवर पुन्हा सोडणाऱ्या केंद्रावरची, हौशी स्पर्धा आहे. मी जांबोटीजवळ राहतो. हँडहेल्ड (हातातला रेडिओ सेट) ५ वॅटचा, अँटेना त्याच्यासोबत आलेली आखूड रबरीच. रिपीटर खणखणीत ऐकू येतो. पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की मात्र ढिम्म, रिपीटर माझा सिग्नल पकडून उघडतच नाही! शिफ्ट (ऐकायच्या नि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) उणे ६०० किलोहर्ट्झ आहे, टोनही (रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा ठरावीक सूर) तपासला. गच्चीवर गेलं की कधीतरी उघडतो, पण आवाज तुटक जातो म्हणे. डोंगर आडवा येतोय की वॅट कमी पडतायत? तांब्याच्या तारेची ग्राउंड प्लेन अँटेना (एक उभी तार, बुडाशी पसरलेल्या तारा) घरीच करावी म्हणतो (बाजारातली परवडत नाही). १४५ मेगाहर्ट्झला उभी तार साधारण ४९ सेंटिमीटर ना? कोॲक्स (अँटेनाची केबल) बेळगावात कुठे चांगली मिळेल? आणि दोघांनी एकदम पीटीटी दाबला तर गुण कुणाला धरायचा?