मदत हवी आहे: इमर्जन्सी मेडिसिनमधून पेन फेलोशिप
नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी (स्पेशालिस्ट होण्याचं ट्रेनिंग) करतेय आणि पेन मेडिसिनच्या (दुखण्यावरच्या उपचारांच्या) १ वर्षाच्या फेलोशिपला, म्हणजे त्यापुढच्या ट्रेनिंगला, अर्ज करायचाय. नियमाने आम्हाला चालतं, पण बऱ्याच जागा अ‍ॅनेस्थेशिया नाहीतर पीएमआरवाल्यांना (फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशन) जातात म्हणून धाकधूक आहे. परवा कंबरदुखीचे एक आजोबा परत आले, बसताच येईना, भिंतीला हात टेकून उभे होते आणि मी नुसत्या गोळ्या लिहून घरी पाठवलं, ते मनातून जातच नाहीये. अल्ट्रासाऊंडवर नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) देते, पण फ्लुरोस्कोपीचा (लाइव्ह एक्स-रे बघत सुई घालण्याचा) अनुभव शून्य. इलेक्टिव्ह (आपण निवडायची पोस्टिंग) पेन क्लिनिकमध्ये करू की आधी रिसर्च? शिफारसपत्र पेनवाल्यांचंच लागतं का? दुसऱ्या ब्रँचमधून कोणी मॅच झालं असेल (फेलोशिपची जागा मिळाली असेल) तर प्लीज सांगा, इंटरव्ह्यूत काय विचारलं तेही.