रुग्णालयाने जाहिरात ट्रेंड बघून ठरवावी की ओपीडीचं रजिस्टर बघून?

पावसाळी_ताप (धागाकर्ता)
जिल्ह्याच्या गावातलं ५०-६० खाटांचं रुग्णालय घ्या. त्याचं मार्केटिंग म्हणजे २९ सप्टेंबरला हृदय दिनाचं लाल हृदय, १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाचं निळं वर्तुळ आणि खाली संचालकांचा फोटो. लाइक करणारे सगळे आपलेच कर्मचारी. माझं म्हणणं, हे दिनविशेषांचं कॅलेंडर फाडून टाका आणि लोकांना या महिन्यात कशाची धास्ती आहे ते बघा.

दर सोमवारी अर्धा तास पुरतो. गुगल ट्रेंड्समध्ये (लोक गुगलवर काय शोधतात ते दाखवणारं साधन) महाराष्ट्र आणि मागचे ३० दिवस निवडायचे. 'डेंग्यू लक्षणे' देवनागरीत शोधायचं आणि रोमन लिपीतही, कारण दोन्हींचे आलेख वेगळे येतात. सोबत आठवडाभरात रिसेप्शनला फोनवर विचारलेले प्रश्न. त्यातून एकच विषय निवडायचा, फिजिशियनकडून मजकूर तपासून घ्यायचा आणि मंगळवारी पाठवायचा.

आकडेमोडे
असहमत. ट्रेंड्समधला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात मांडलेले असतात. तालुक्याच्या गावाचा तर आलेखच धड येत नाही. शिवाय तो आजाराच्या मागे नाही, बातमीच्या मागे धावतो. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचा गाजावाजा झाला. हा विषाणू २००१ पासून माहीत आहे, बहुतेकांना साध्या सर्दी-खोकल्यासारखा होऊन जातो. त्या आठवड्यात ज्यांनी त्यावर तपासणी पॅकेज काढलं त्यांनी भीती विकली, दुसरं काही नाही.

खरा ट्रेंड तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये पडून आहे. तारीख, गाव किंवा पिनकोड, वय, निदान एवढेच चार रकाने एक्सेलमध्ये काढा, नाव नको. या आठवड्याचे तापाचे रुग्ण मागच्या पाच वर्षांच्या याच आठवड्याशी ताडून बघा. सलग दोन आठवडे आकडा चढा राहिला तर त्याच गावांना निरोप पाठवा. अडचण येते ती निदानाच्या रकान्यात. एकच ताप कुणी 'फीव्हर' लिहितं, कुणी 'एएफआय' (अचानक आलेला ताप), कुणी 'पीयूओ' (कारण न कळलेला ताप). आधी ते निस्तरा, मग आलेख काढा.

पावसाळी_ताप
रजिस्टरमध्ये आकडा चढलेला दिसतो तेव्हा वॉर्ड भरलेला असतो, साहेब. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस, चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १०. म्हणजे पाऊस पडून उघडीप मिळाली की पुढचे काही आठवडे हिशेबात धरता येतात. निरोप त्या उघडिपीतच जायला हवा. आणि तो असा:

'ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जपायचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, ग्लानी यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका.'

यात सवलत नाही, फोटो नाही.

नियम_आधी
मजकूर चांगला आहे, पण पाठवणार कुणाला? रिपोर्ट कळवायला घेतलेल्या नंबरावर जाहिरात पाठवायची परवानगी रुग्णाने दिलेली नसते. नोंदणीच्या फॉर्मवर वेगळी चौकट हवी, आधीच टिक केलेली नको. एसएमएस असेल तर डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांची नोंदणी यंत्रणा) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मजकुराचा साचा नोंदवावा लागतो, नाहीतर तो पोचतच नाही. व्हॉट्सॲपवर 'युटिलिटी' म्हणजे कामाचा निरोप म्हणून टाकलेला शिबिराचा निरोप 'मार्केटिंग'मध्ये जातो आणि खर्च वाढतो.

सध्याचा सगळ्यात मोठा ट्रेंड वजन कमी करायच्या इंजेक्शनांचा. त्यातलं माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सेमाग्लुटाइड या दुसऱ्या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे शोध वाढणारच. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाची जाहिरात लोकांसाठी करता येत नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह आणि लठ्ठपणा दोन्ही आहेत, म्हणजे 'हमखास बरे' लिहिलंत की अडकलात. डॉक्टरांनी रुग्ण खेचण्यासाठी जाहिरात करणं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारनियमांत बसत नाही. २०२३ चे नवे नियम आले आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू.

बिलिंग_खिडकी
तुम्ही डासांवरून भांडताय, काउंटरवर माणूस विचारतो 'पैसे किती लागतील?' धास्ती तिथे आहे. राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं (मोफत उपचाराचं) संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, ७० वर्षं आणि त्यावरच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड आहे. लोकांना एवढंच माहीत असतं. रुग्णालयाची मान्यता विभागवार असते हे कुणी सांगत नाही. हाडांच्या शस्त्रक्रियेला मान्यता आहे आणि हृदयाला नाही, पण बाहेर फलक 'येथे योजना लागू'. मग भांडण आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाच्या टेबलावर.

फलकावर विभागांची नावं लिहा. कुठली कागदपत्रं आणायची आणि आरोग्यमित्र किती वाजेपर्यंत बसतात तेही लिहा. खासगी विमा असलेल्याला शस्त्रक्रियेची तारीख देतानाच एक कार्ड हातात द्या: रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नसलं तरी जानेवारी २०२४ पासून कॅशलेस (बिल थेट विमा कंपनीने भरणं) मागता येतं, मात्र ठरलेल्या शस्त्रक्रियेला ४८ तास आधी कळवावं लागतं. विमा नियामकाने २०२४ मध्येच घालून दिलंय की कॅशलेसचा निर्णय १ तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. मंजुरी रखडते ती बहुतेकदा आपल्याकडून अंतिम बिल उशिरा गेल्यामुळे, हे मान्य करायचं धाडस कुठल्या पोस्टमध्ये दिसत नाही.

अवांतर: पोस्ट टाकण्याआधी तिची छापील प्रत रिसेप्शनला द्या. रात्री ९ वाजता फोन आला आणि 'मला माहीत नाही, सकाळी करा' उत्तर मिळालं की जाहिरातीचा पैसा पाण्यात.

आकडेमोडे
खिडकीशी सहमत. ताप साहेबांचा निरोपही मान्य, पण मोजणार कसं? लाइक मोजू नका. तापाच्या प्रत्येक रुग्णाला 'आज कितवा दिवस?' विचारून आकडा लिहा. निरोप गेलेल्या गावांतले लोक सहाव्याऐवजी चौथ्या दिवशी येऊ लागले तर निरोप लागू पडला. हाच आकडा लॅबलाही उपयोगी, कारण डेंग्यूच्या रक्ततपासणीत एनएस१ (विषाणूचं प्रथिन) पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं, नंतर आयजीएम (शरीराने तयार केलेलं प्रतिपिंड) बघावं लागतं. सहाव्या दिवशी नुसतं एनएस१ करून 'निगेटिव्ह' सांगितलेला रुग्ण निर्धास्त घरी जातो. आणि 'प्लेटलेट २४ तास उपलब्ध' हा फलक काढा. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवत नाहीत. या फलकामुळे ८० हजारवाला घाबरून भरती व्हायला येतो आणि रक्त घट्ट होत चाललेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला खाट मिळत नाही.

पावसाळी_ताप
फलकाचं मान्य. पण जो कधी आलाच नाही त्याचा रकाना तुमच्या रजिस्टरमध्ये नाही. एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची) बघा. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये आली. बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात ९ ते १४ वयाच्या मुलींना ६ महिन्यांच्या अंतराने २ डोस आहेत. निरोगी मुलगी ओपीडीत येतेच कशाला? इथे बाहेरची चर्चाच बघावी लागते, आणि निरोप शाळेच्या पालकसभेत, आईला, स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी द्यावा लागतो. कुटुंबाचा नोंदलेला नंबर बहुतेकदा बाबांचा असतो.

बिलिंग_खिडकी
आणि दुसऱ्या डोसची आठवण? सभेत ४० नावं येतील, पहिला डोस होईल, ६ महिन्यांनी वही सापडणार नाही. पहिल्या डोसच्या पावतीवरच तारीख छापा आणि आईचा नंबर तिथेच घ्या.