मदत हवी आहे : नोकरीवर जाताना अंगावरचे दूध काढून ठेवणे, तेही मे महिन्याच्या उन्हात

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत काम करते. मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. रक्तदाब वाढल्यामुळे 26 आठवड्यांच्या रजेतील 8 आठवडे बाळंतपणाआधीच घ्यावे लागले, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ती चार महिन्यांची होताच, मला रुजू व्हायचे आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत तिला वरचे दूध द्यायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

दूध हाताने काढता येते, हे मला कळले ते बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी, छाती दगडासारखी होऊन ताप चढल्यावर. अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, स्तनाग्र ओढायचे नाही, हे एका परिचारिकेने शेजारी बसून शिकवले. त्या दिवशी वाटीच्या तळाला जेमतेम दोन चमचे जमले. आता सकाळी पाजून झाल्यावरही पाऊण वाटी निघते. आई, मावशी, दोन्ही जावा यांना विचारले, तर दूध दाटले की पिळून मोरीत सोडायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. ते ठेवून बाळाला पाजता येते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

खरी अडचण साठवणुकीची आहे. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, असे डॉक्टरांनी सांगितले. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी वीज दोन-दोन तास जाते. कार्यालयात आम्ही बाराच जण असल्यामुळे 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी बंधनकारक असलेले पाळणाघर इथे नाही. दूध काढायला जागा म्हणजे कडी न लागणारी दप्तराची खोली. तिथे काढलेले दूध बर्फाच्या डब्यात ठेवून संध्याकाळी एसटीने घरी आणावे, असा विचार आहे. हे कोणी केले आहे का? बर्फ दिवसभर टिकतो का? वीज गेल्यावर घरच्या फ्रिजमधल्या दुधाचे आपण काय करता?

दुसरी अडचण घरातली. दिवसभर वाटी-चमच्याने पाजणार आहेत त्या सासूबाई. फ्रिजमधल्या दुधावर पिवळसर थर आणि खाली निळसर पाणी दिसताच त्या म्हणाल्या, "नासलंय की हे, लेकराला बाधंल." स्निग्धांश वर येतो म्हणून तसे दिसते. वाटी कोमट पाण्यात ठेवून हलकेच फिरवली तेव्हा दूध एकजीव झाले, ते त्यांनी पाहिले आणि त्या गप्प राहिल्या; पटले मात्र नाही. त्यांची काळजी खोटी नाही, कारण त्यांच्या एका लेकराला वरच्या दुधाने हगवण लागली होती.

आपली उत्तरे मी त्यांना वाचून दाखवणार आहे. म्हणून कोणत्या महिन्यात, किती तास, कशात दूध ठेवले आणि बाळाला ते कसे मानवले, हे कृपया सविस्तर लिहावे.