युद्ध थांबलेल्या देशात फिजिशियनचं काम: आधी काय शिकावं?

नवखा_एमडी
एमडी मेडिसिननंतर युद्धातून सावरणाऱ्या देशांत काम करायचं आहे. आधी एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करावं का? आणि तिथे रुग्ण तपासणं किती, बाकीची कामं किती?

तापमापी
एमपीएचची घाई नको. उष्णकटिबंधीय आजारांची पदविका लंडन किंवा लिव्हरपूलला साधारण तीन महिन्यांत होते, ती आधी उपयोगी पडते. सोबत फ्रेंच शिका. काँगो, चाड इथली नोंदपुस्तकं फ्रेंचमध्येच असतात.

बालरोगाची उजळणी तर हवीच. दंडाचा घेर ११५ मिमीपेक्षा कमी किंवा दोन्ही पायांवर सूज, म्हणजे तीव्र कुपोषण. सूज पाहून मेडिसिनवाल्याचा हात फ्युरोसेमाइडकडे (लघवी वाढवून सूज उतरवणारं औषध) जातो, तीच चूक. आधी एफ-७५, म्हणजे कुपोषित मुलांसाठीचं उपचाराचं दूध (१०० मिलिला ७५ कॅलरी), थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. पहिल्याच दिवशी भरपूर खाऊ घातलंत तर फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि मूल दगावू शकतं. लोह भूक परतल्यावर.

छेद_आणि_भागिले
रुग्ण तपासणं निम्म्याहून कमी धरा, बाकी मोजणी आणि साठा. छावणीत दर दहा हजार माणसांमागे दिवसाला एक मृत्यू ही धोक्याची पातळी. २०,००० वस्ती, सात दिवसांत २१ मृत्यू: दर १.५, म्हणजे आणीबाणी. गंमत छेदात असते. शिधापत्रिकांची यादी फुगलेली असली की लोकसंख्या जास्त दिसते आणि दर खोटाच खाली येतो. अंशही फसवतो, कारण घरी झालेले मृत्यू दवाखान्याच्या वहीत येत नाहीत. म्हणून दफनभूमीतल्या नव्या कबरी रोज मोजायला माणूस ठेवतात.

शीतसाखळी
लशी उन्हाने बिघडतात हे सगळ्यांना माहीत असतं, गोठूनही बिघडतात हे विसरलं जातं. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि धनुर्वाताची लस २ ते ८ अंशांतच हवी. शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम पूर्ण गोठवा, वितळवा, मग ती आणि संशयित कुपी हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला गाळही तितक्याच वेगाने, अर्ध्या तासाच्या आत तळाशी बसला तर ती फेका.

छेद_आणि_भागिले
एक राहिलं. परदेशी संस्था जास्त पगार देतात, मग सरकारी दवाखान्यातल्या नर्स तिकडे जातात आणि संस्था निघून गेली की दोन्हीकडे कुणी नसतं. सिएरा लिओनने २०१० मध्ये गरोदर, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांना मोफत उपचार सुरू केले, तेव्हा सोबत पगार वाढवले आणि हजेरीपटावरची बोगस नावंही काढली. त्यामुळे मुलाखतीत विचारा: इथली पगारश्रेणी आरोग्य मंत्रालयाशी ठरवून घेतली आहे का?

नवखा_एमडी
म्हणजे आधी पदविका आणि फ्रेंच. कुपोषण वॉर्डात महिनाभर निरीक्षक म्हणून बसता येतं का, तेही बघतो.