ग्रेटफुल डेडचं 2015 चं पुनर्मिलन: तबलावाल्याने कुठून ऐकायला घ्यावं?

डग्गा_आणि_शाई
ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडमधले बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट हे चौघे 2015 मध्ये पाच रात्री एकत्र वाजले. त्यातला कोणता भाग तबल्यावर साथ करत ऐकता येईल? सगळ्या पाच रात्री नकोत, एक बैठक पुरे. तबला सव्वापाच इंची आहे, पांढरी 2 (D) मध्ये लावलेला. शिवाय पुढे या चौघांनी जे केलं, त्यात तालाच्या माणसाला काय घेण्यासारखं आहे?

खर्ज
शिकागो, 3 जुलै, दुसरा सेट (मैफलीचा उत्तरार्ध). डोळे मिटून तिथूनच सुरू करा.

त्या सेटमध्ये 'स्कार्लेट बिगोनियाज'ला जोडून 'फायर ऑन द माउंटन' येतं, त्यातून क्रॉइट्समन आणि हार्ट या दोघा ड्रमरचं 'ड्रम्स', मग मोकळं, ठेक्याविना 'स्पेस', आणि थोडं पुढे 'प्लेइंग इन द बँड'. यातल्या 'फायर'चं मूळ आपल्या फार जवळचं आहे. हार्ट 1967 मध्ये उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि त्यांच्याकडे शिकला. पुढे झाकीर हुसेनसोबत त्याने 1976 मध्ये 'डिगा' हा रेकॉर्ड काढला. त्यात 'हॅपिनेस इज ड्रमिंग' नावाची चीज आहे, बँडचा गिटारवादक जेरी गार्सियाची गिटारही आहे. तीच चीज शब्द लागून 'फायर' झाली. आधी 'डिगा'तली ऐका, लगेच शिकागोची लावा. तबल्याच्या भरण्याची जागा दोन ड्रमसेटनी कशी घेतली ते कानाला स्वच्छ कळतं.

बारा सीडींचा शिकागो संच किंवा त्याचंच पूर्ण स्ट्रीमिंग घ्या. दोन सीडींच्या निवडक संचात सेटची साखळी तुटते, आणि या संगीतात साखळीच ऐकायची असते. ॲपमधलं क्रॉसफेड बंद करा, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) चढते आणि मात्रा हातची जाते. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. 'ड्रम्स'मध्ये हार्ट 'बीम' वाजवतो: ॲल्युमिनियमची लांब तुळई, तिच्यावर पियानोच्या खर्जाच्या तारा. तो सगळा खर्ज छोट्या स्पीकरवर नाहीसा होतो.

मात्रामोजणी
'प्लेइंग इन द बँड' दहा मात्रांचं आहे हे वाचून बरेच जण थेट झपताल लावतात आणि चौथ्या आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) अडकतात. झपताल 5-5 असा दोन सारख्या भागांत मोडतो, ही चाल तशी मोडत नाही. चार-चार-दोन धरा, ठेका हलका ठेवा, सहाव्या मात्रेवर खाली (टाळीविना सोडलेली मात्रा) दाखवू नका. आणखी एक, सगळं गाणं दहात नाही. कोरस चाराच्या हिशोबात जातो, आणि मधल्या जॅममध्ये (उत्स्फूर्त वाजवण्यात) दहाची चौकट सैल होत जाते. तिथे आवर्तन हट्टाने धरून ठेवलंत तर तुम्ही एकटे पडाल. डग्ग्याच्या नुसत्या घुमाऱ्याने बासला धरून राहा. याच चालीचं वाद्यरूप 'द मेन टेन' हार्टच्या 1972 च्या 'रोलिंग थंडर'वर आहे. दहा मोजायची सवय तिथे करा.

सात मात्रांसाठी 5 जुलैचं 'एस्टिमेटेड प्रॉफेट'. रूपक तालाची सम खालीच्या मात्रेवर असते, पण इथे पहिली मात्रा वजनदार आहे, त्यामुळे 'तीं तीं ना' पोकळ लागतं. पहिल्या मात्रेवर डग्गा उघडा. अकरा मात्रांसाठी सांता क्लारा, 27 जूनचं 'द इलेव्हन': 3-3-3-2. शेवटच्या दोनमध्ये घाई होते, म्हणून आधी टाळ्या देऊनच घोटवा.

डग्गा_आणि_शाई
'फायर' कोणत्या पट्टीत आहे? तबला उतरवून चालेल का?

खर्ज
पांढरी 7 (B) मध्ये. दोनच कॉर्ड आहेत, सा आणि कोमल नी, म्हणजे अंग खमाज रागाचं. तुमचा तबला उतरवू नका. पांढरी 2 पासून तीन पट्ट्या खाली आणलात तर पुडी (कातडं) ढिली पडते, चाट (कडेचा नाद) बोलत नाही, वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) सैल होऊन गठ्ठे (लाकडी ठोकळे) घसरतात. त्या पट्टीला मोठ्या तोंडाचा, साधारण सहा इंची तबला लागतो. तो नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये लय न बदलता रेकॉर्डिंगच तीन सेमिटोन (अर्धस्वर) वर घ्या, 'फायर' पांढरी 2 वर बसेल. ड्रम जरा पातळ लागतील, रियाजापुरतं चालतं. 'प्लेइंग'ला काहीच करावं लागत नाही, ते मुळात पांढरी 2 मध्येच आहे आणि जॅम काफी रागाच्या अंगाने जातो.

सॅन_होझेकर
पुढच्या वाटचालीबद्दल. वीअर, हार्ट आणि क्रॉइट्समन यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गिटारवादक जॉन मेयरला घेऊन 'डेड अँड कंपनी' सुरू केली. शेवटचा दौरा जुलै 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत संपला, त्यात क्रॉइट्समनच्या जागी ड्रमर जे लेन होता. नंतर लास व्हेगासच्या 'स्फीअर' या सभागृहात मुक्काम झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये गोल्डन गेट पार्कात तीन मैफली. लेश त्यांच्यात गेला नाही, तो 'फिल लेश अँड फ्रेंड्स' चालवत राहिला. 25 ऑक्टोबर 2024 ला त्याचं निधन झालं. वीअरने 'वुल्फ ब्रदर्स'मध्ये डॉन वॉझचा डबल बास घेतला. तिथे वाद्यं कमी असल्याने वीअरची तिरकस तालगिटार उघडी ऐकू येते. ती मेयरच्या शेजारी दबते.

'डेड अँड कंपनी' संथ वाजायची ही तक्रार जुनी आणि खरी आहे. पण साथ शिकणाऱ्याला हाच वेग सोयीचा, कारण दुगुनीला (दुप्पट वेगाने वाजवायला) जागा मिळते.

मात्रामोजणी
संथ लय सोयीची असेल, पण त्यात दोन ड्रमरमधली ओढाताण कमी होते, आणि तीच तर या बँडची जान. ती हवी असेल तर ग्रेटफुल डेडचे 1977 चे कार्यक्रम इंटरनेट आर्काइव्हवर ऐका. प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग उतरवून घेता येतात, साउंडबोर्डवरची (थेट मिक्सरमधून घेतलेली) बहुतेक फक्त तिथेच ऐकता येतात.

आणि हार्टची दुसरी वाट विसरू नका. 1991 चं 'प्लॅनेट ड्रम' झाकीरभाई आणि घटम् (मातीचं मडकं) वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्यासोबतचं, जागतिक संगीताच्या अल्बमचं पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं. 2007 चं 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट' आणि 2022 चं 'इन द ग्रूव्ह' हार्ट-झाकीर याच जोडीचं. तबला ऐकत मागे जायचं असेल तर उलट क्रमाने ऐका: 2022, 2007, 1991, 'डिगा'. 'प्लॅनेट ड्रम' हेडफोनवरच लावा, घटम् आणि तबला एकमेकांत मिसळतात ते तिथेच वेगळे काढता येतात.