शरदातल्या दिवसभराच्या राइड्स : तुमच्या क्लबचे अनुभव लिहा

कोजागिरी झाली, पाऊस उघडला आणि आमच्या क्लबच्या ग्रुपवर रविवारच्या राइडसाठी नावं पटापट पडायला लागली. पावसाळ्यातही आम्ही जातोच. पण दसऱ्याला सायकल धुऊनपुसून, चेनला तेल देऊन, हँडलला झेंडूची माळ बांधली की जो मोसम सुरू होतो त्याची सर कशालाच नाही. रस्ते कोरडे, धरणं भरलेली, डोंगर अजून हिरवे आणि पहाटे अंगाला जाणवेल एवढाच गारवा.

पहाटे निघायचं, दुपारी किंवा संध्याकाळी घरी यायचं, मुक्काम नाही, अशा राइड्ससाठी हा धागा आहे. सरासरी वेगाचे आकडे स्ट्राव्हा अॅपवर असतातच. इथे रस्ता कसा आहे, कुठे थांबता, काय खाता आणि मागे पडणाऱ्याचं तुमच्या क्लबात काय होतं, ते लिहा. मला स्वतःला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुरुवात मीच करते.

पुणे

आमची ठरलेली शरदातली फेरी म्हणजे बोपदेव घाटाने वर, सासवड, आणि दिवे घाटाने खाली. कुठून निघता त्यावर अवलंबून साठ-पासष्ट किलोमीटर होतात. ऑक्टोबरात पुण्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून आम्ही साडेपाचलाच कोंढव्याच्या बाजूने चढायला लागतो. घाट अंधारात, मागचे लाल दिवे लुकलुकताहेत, बोलणं हळूहळू बंद होतं आणि फक्त श्वास नि चेनचा आवाज ऐकू येतो. माथ्यावर पोचलं की उजाडलेलं असतं आणि समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी उभी.

घाटमाथ्यापासून सासवडपर्यंतचा उतार माझा सगळ्यात लाडका. दोन्ही बाजूंना झेंडू. दसऱ्याचा तोडा होऊन गेलेला, दिवाळीचा यायचा असतो. सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्याच पाट्या. पुरंदरचं सीताफळ तिथे उभ्या उभ्या फोडून खायचं, बिया हातात गोळा करायच्या, मग संत सोपानदेवांच्या समाधीपाशी नळावर हात धुवायचे, हा क्रम वर्षानुवर्षं चालत आलाय. दिवे घाटात मात्र गप्पा बंद, सगळे एका ओळीत. वाहतूक फार असते. खाली मस्तानी तलाव या दिवसांत भरलेला दिसतो, तो बघायचा तर थांबून, बाजूला उभं राहून बघायचा, हा क्लबचा नियम.

आता मागे पडणाऱ्याबद्दल. आमच्यात शेवटची सायकल ठरलेली असते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका ती चालवतात आणि त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही. गेल्या मोसमात एक कॉलेजातली मुलगी जड एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन आली होती. दुसऱ्या वळणावर तिची चेन कडकड करून अडली. काका उतरले, मागचं चाक उचलून पॅडल हाताने फिरवलं, चेन बसवली आणि तिला म्हणाले, "चढ लागल्यावर नाही गं बदलायचा गिअर. चढ दिसला की बदलायचा. पायावर जोर यायच्या आत." पुढचा सगळा घाट ते तिच्या बाजूने, अर्धं चाक मागे राहून चढले. वर आम्ही पंधरावीस जण चहा न मागवता थांबलो होतो. चहा सगळे आल्यावरच मागवायचा. ती मुलगी या वर्षी नव्यांना गिअर शिकवते.

सातारा

साताऱ्याहून कास, यवतेश्वर घाटाने. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, पण पहिला चढ पाय धुऊन काढतो. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे, तेव्हापासून गर्दीला पारावार नाही. फुलांच्या हंगामात पठारावर रोजची संख्या मर्यादित ठेवतात, आधी नोंदणी लागते. आम्ही मुद्दाम हंगाम सरता सरता, ऑक्टोबरात जातो. सीतेच्या आसवांची निळी फुलं तोवर संपत आलेली असतात. त्यांना कातळावर झिरपणारं पाणी लागतं, ते आटलं की निळा गालिचाही आटतो. पण सोनकी टिकून असते. डोंगरउतार पिवळे असतात आणि गाड्यांच्या रांगा नसतात.

उतरताना एक गोष्ट नव्यांना परत परत सांगावी लागते. पावसाळ्यात वाहून आलेली खडी वळणाच्या आतल्या बाजूला साचलेली असते, आणि सावलीतल्या कडेला शेवाळ असतं. त्यामुळे ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. रिमब्रेकच्या, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडीवर दाबतो अशा, सायकली असतील तर एकसारखा दाबून धरायचा नाही. रिम तापते, ट्यूब फुटू शकते. थोडा पुढचा, थोडा मागचा, सोडत सोडत. आमच्यात उतारावर कुणीही लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे असणाऱ्याच्या, पुढे जात नाही, कितीही तरबेज असो.

रत्नागिरी

घाटावरच्यांचा गारवा वाचून हेवा वाटला. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे घाम. पाऊस गेला, जमीन ओली, आभाळ स्वच्छ, ऊन सरळ डोक्यावर. तरी आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याची राइड आम्ही सोडत नाही. नऊच्या आत परत फिरायचं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे भातकापणी. माणसं पहाटेच शेतात उतरलेली असतात, कारण उन्हाचा त्रास त्यांना आमच्याहून जास्त. पाण्यात मीठ-साखर घालून आणायला सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि वाटेत एका घरी कोकम सरबत ठरलेलं आहे. तिथल्या आजी पैसे घेत नाहीत, म्हणून आम्ही दर दिवाळीला त्यांच्या नातवंडांसाठी वह्या नेतो.

चिंचवड

वाचतेय सगळं. माझा एक प्रश्न आहे. वय चाळिशीच्या पुढे, सायकल साधी, सहा गिअरची. सोसायटीत आणि भाजी आणायला चालवते. दिवसभराची राइड मला झेपेल का? जर्सी, पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट असलं काही नाही. घाट वगैरे ऐकून धाकधूक वाटते.

नाशिक

चिंचवडच्या ताईंना माहीतगार सांगतीलच, मी आमच्या रस्त्याबद्दल लिहितो. दिंडोरी-वणी. कोजागिरीच्या आसपास या रस्त्याने कावडी घेऊन सप्तशृंगगडाला पायी जाणारे भाविक असतात, त्यांना वाट देत जायचं. त्यानंतरच्या रविवारी दोन्हीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू असते. हिरवागार मांडव आठवड्याभरात उघडा होतो, नुसत्या काड्या उरतात. मग त्या काड्यांच्या डोळ्यांना औषध लावायला माणसं रांगेने उभी. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत जे घड येतात त्यांची सुरुवात ही अशी, आणि ती सायकलवरून जेवढी जवळून दिसते तेवढी गाडीतून दिसत नाही.

रस्त्याच्या कडेला सोयाबीन आणि मका वाळत घातलेला असतो. त्यावरून सायकल घालायची नाही. कुणाच्या वर्षाच्या कमाईवरून चाक नेणं बरं नाही, शिवाय सोयाबीनवरून चाक सटकतं.

नाशिकला सायकलीचं वेड जुनं आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकलशर्यत पूर्ण केली तेव्हा गावभर आनंद होता. पण माझ्यासारख्याला त्याहून जवळची वाटते ती बीआरएम, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायची राइड. तिचा नवा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, म्हणजे पहाटे सहाला निघालात तर संध्याकाळी साडेसातच्या आत परत. शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नाही. हातात कार्ड देतात, ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा. पुढे-मागे दिवा आणि अंगात रिफ्लेक्टरचं जॅकेट हवंच. माझ्या पहिल्या बीआरएमला दीडशेच्या पुढे गुडघा बोलायला लागला. क्लबातले दोघे सहज पुढे जाऊ शकले असते, त्यांनी वेग कमी केला आणि आळीपाळीने माझ्यापुढे राहून वारा अडवला. एकाने माझी सीट जराशी वर केली, अगदी बोटभर, आणि गुडघ्याचा ताण तिथल्या तिथे कमी झाला. वेळेत पोचलो. ते दोघे माझ्याहून अर्ध्या वयाचे आहेत आणि मी त्यांना आजही दादा म्हणतो.

नागपूर

आमचं रामटेक. पन्नासेक किलोमीटर एका बाजूने, सपाट रस्ता, म्हणून लोकांना सोपं वाटतं. सोपं नाही जी! पावसाळा सरला की वारा फिरतो, ईशान्येकडून यायला लागतो, आणि रामटेक नेमकं नागपूरच्या ईशान्येला. जाताना सगळा वारा तोंडावर. एकट्याने गेलं तर अर्ध्या वाटेत जीव नकोसा होतो. क्लबात आम्ही दोन रांगा करतो, पुढचा दमला की बाजूला होऊन शेवटी येतो, मागचा पुढे. ज्याला जमत नाही त्याने पुढे यायचंच नाही, मधे राहायचं. त्याला कुणी बोलत नाही. येताना तोच वारा पाठीवर, तेव्हा त्यालाच पुढे काढतो, की आता ने आम्हाला.

नोव्हेंबरात अंबिया बहाराची संत्री येतात. खिंडसीच्या तलावाशी बसून संत्री सोलायची. निघायच्या आधी तर्री पोहे खायचे की परत येऊन, यावर आमच्यात दोन पक्ष आहेत. मी परत येऊन खाणाऱ्यांपैकी. वाऱ्याशी झटायचं असताना पोटात तर्री नको.

सरे, इंग्लंड

इथे ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला की घड्याळं तासभर मागे जातात आणि दुपारी साडेचारलाच अंधारायला लागतं. त्यामुळे आमच्या क्लबची दिवसभराची राइड आखूड होते, पण बंद होत नाही. शरदापासून वसंतापर्यंत मडगार्ड सक्तीचे, आणि मागच्या मडगार्डला रबराची लांब पट्टीसुद्धा. स्वतःसाठी नाही, तुमच्या चाकाने उडवलेला चिखल मागच्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच हे लोक मला आवडले.

बॉक्स हिलचा नागमोडी चढ इथला प्रसिद्ध. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या रोड रेसने त्याला नऊ फेऱ्या घातल्या होत्या. आम्ही एकदाच चढतो. बीच झाडांची पानं तांबूस होऊन रस्त्यावर पडलेली असतात, ओली असली की बर्फासारखी निसरडी. लीडने हात खाली करून पंजा हलवला की ती खूण मागेपर्यंत जाते. वर कॅफेत थांबतो तिथे ब्रिटिश मंडळी केक घेतात. दिवाळीच्या रविवारी मी जर्सीच्या खिशात फराळ नेते. चकलीचा चुरा होतो, लाडू फुटतो, शंकरपाळी मात्र जशीच्या तशी पोचते. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी मागच्या वर्षी विचारलं, यात काय काय असतं? पाककृती लिहून दिली. या वर्षी त्यांनी स्वतः करून आणली, जरा जाड लाटलेली, पण खुसखुशीत. चढावर एकमेकांना वाटत गेलो.

पुणे

चिंचवडच्या ताई, नक्की झेपेल. घाटापासून सुरुवात करायची नाही. तुमच्याकडून देहू-आळंदी करून परत या. रस्ता बराचसा सपाट, इंद्रायणीची सोबत, सावकाश गेलात तरी दुपारी घरी. फक्त कार्तिक वद्य एकादशीचा आठवडा टाळा, आळंदीची यात्रा असते, तो रस्ता तेव्हा वारकऱ्यांचा.

जर्सी नको. सुती नाही, लवकर वाळेल असा कुर्ता किंवा टीशर्ट चालेल. हेल्मेट मात्र पाहिजेच. त्याशिवाय आम्ही निघू देत नाही. ओढणी घेणार असाल तर चाकात जाणार नाही अशी बांधा. दोन बाटल्या पाणी, तुमच्या चाकाच्या मापाची एक ट्यूब (पंक्चर काढता येत नसेल तरी ट्यूब जवळ ठेवा, काढणारे आम्ही आहोत), केळी, गूळ-शेंगदाणे. आणि आदल्या दिवशी दुकानात नेऊन ब्रेक आणि टायरमधली हवा बघून घ्या. सोसायटीत चालवलेल्या सायकलींचे टायर बहुधा मऊ असतात, त्यानेच निम्मी दमछाक होते. तुमच्याकडच्या क्लबातल्या ओळखीच्या दोघींना कळवते, त्या तुमच्या वेगाने येतील.

कोल्हापूर

आमच्याकडं पन्हाळा आणि जोतिबा हे दोन डोंगर घरचेच. पण दिवाळीनंतर माझी ओढ गुऱ्हाळाकडं. कारखान्यांची धुराडी पेटतात त्याच सुमाराला गुऱ्हाळंही सुरू होतात. सकाळी थंडीत सायकल चालवत जावं आणि काहिलीजवळ उभं राहावं. उसाचा रस उकळत असतो, त्यात भेंडीचं पाणी सोडतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहतात. गुळव्या बोटावर घेऊन पाक बघतो. त्याच्या थोडं आधी काढलेली गरम काकवी आमच्या वाटीत. पुढचे तीस-चाळीस किलोमीटर दुसरं काही लागत नाही.

याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. उसानं भरलेली ट्रॉली पहाटेच्या अंधारात अगदी चाकाजवळ येईपर्यंत दिसत नाही. क्लबातला एक मित्र अशाच ट्रॉलीला मागून धडकला. खांदा निखळला, बरा झाला, पुन्हा सायकल चालवतो. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला आम्ही रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचे रोल घेऊन निघतो. अड्ड्यावर ट्रॉल्या उभ्या असतात तिथं थांबायचं, मागची फळी ओल्या फडक्यानं पुसायची, वाळू द्यायची, मग पट्टी दाबून बसवायची. धुळीवर लावली तर चार दिवसांत निघते. ड्रायव्हर आधी बघत बसायचे, आता स्वतः पाणी आणून देतात.

मागच्या खेपेला ऊसतोडीला आलेल्या एका मावशींनी विचारलं, "आमच्या बैलगाडीला लावता का?" त्या पहाटे तीनला गाडी जुंपतात, दोन लेकरं उसावर झोपलेली असतात. लावल्या, मागं दोन, जुवाला एक. अड्ड्यावरच्या बाकीच्या गाड्या राहिल्यात. येत्या रविवारी तिकडंच जातोय, साडेपाचला रंकाळ्यावरून. ज्यांच्याकडं टेप उरली असेल त्यांनी आणा, आणि सोबत जुनी फडकी.