कान सुरात, गळा वाऱ्यावर: तुमचे अनुभव सांगा

खर्जातली
काल माळा आवरताना नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) सापडला. दांड्यावर ५१२ (सेकंदाला इतकी कंपनं, म्हणजे हर्ट्झ) कोरलंय, गंजाचे ठिपके पडलेत. प्रयोगशाळेतलं जुनं सामान काढून टाकलं तेव्हा सरांनी मला दिला होता.

त्याच्या दोन वर्षं आधी समूहगीतात मला सांगण्यात आलं होतं, "तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव." तेव्हापासून कानाचा विषय मी बंदच केला होता. मग अकरावीत सोनोमीटर आला. लांब खोकं, वर ताणलेली तार, खाली दोन ठोकळे. तारेवर कागदाचा कपटा ठेवायचा, काटा रबरावर आपटून खोक्यावर टेकवायचा, लांबी जुळली की कपटा उडतो. बाकीचे अंदाजाने ठोकळे सरकवत होते. मला काटा आणि तार एकत्र वाजले की एक हेलकावा ऐकू यायचा, वांव-वांव-वांव. ठोकळा जरासा हलवला की तो संथ व्हायचा, आणखी हलवला की थांबायचा. थांबला की कपटा ठेवायचा. टुण्णकन उडाला, पहिल्याच फटक्यात! सरांनी विचारलं, "गातेस का?" आख्खा वर्ग हसला.

रात्री पोराने फोनवर चाचणी लावून दिली. दोन सूर वाजतात, दुसरा चढा की उतरता ते सांगायचं. सुरुवात १०० सेंटच्या फरकाने, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांइतक्या. मी ८ सेंटपर्यंत टिकले. मग त्याला दोन ओळी गाऊन दाखवल्या तर उठून गेला मेला.

तुमच्या कानाची परीक्षा कोणी घेतली का कधी?

अर्धवटराव
मी ५० सेंटलाच गारद. बायको ५ पर्यंत गेली. आता घरात मला "हळू बोललास तरी मला कळतं" हे नव्याने ऐकावं लागतंय.

डग्गा
तबला मिळवणं हीच आमची परीक्षा. गुरुजी पाठ करून बसायचे. हातोडी गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर) वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं. पुढची दोन वर्षं फक्त "नाही", "नाही", "अजून नाही". गोम अशी की एका घरापाशी (दोन पट्ट्यांमधल्या जागेपाशी) जुळलं तरी समोरच्या घरापाशी उतरलेलं असतं. एकदा वैतागून मीच म्हटलं, "झालं, आता जुळला." गुरुजी वळले, चाटीवर (तबल्याच्या काठावर) बोट मारलं आणि म्हणाले, "जुळलाय, पण तुला कळलं नव्हतं. मघाशीच जुळला होता." आजतागायत मला हे कौतुक होतं की शिवी ते कळलेलं नाही.

निळीसावळी
डग्गा 😂😂
खर्जातली, मी पण ओठ हलव पार्टीतली गं. गॅसवर कुकर आहे, नंतर सविस्तर लिहिते.

पांढरी_चार
मला कुठलाही सूर ऐकला की पट्टी कळते, लहानपणापासून. लोकांना वाटतं वरदान. पेटीवाल्याने पट्टी बदलायचं बटण दाबलं की बोटं एकीकडे, कानात भलतंच, जीव नकोसा होतो.
खरी गंमत पुढे. नसेच्या दुखण्यासाठी कार्बामेझेपिन सुरू झालं आणि आठवड्याभरात सगळं अर्धा सूर खाली ऐकू यायला लागलं. स्वतःचा तानपुरा, फोनची रिंग, सगळं. आधी वाटलं तानपुराच उतरलाय, तारा ताणत बसले. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. सांगितल्यावर ते म्हणाले, या गोळीने असं होतं, पट्टी ओळखणाऱ्यांनाच ते जास्त जाणवतं. गोळी बदलली, कान जागेवर.

अर्धवटराव
पांढरी_चार ताई, मनाने बंद नव्हती ना केली?

पांढरी_चार
नाही हो. डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली.

कागदी_वाघ
मी तर ठार सूरबधिर आहे. विषय संपला.

षड्ज_शोधक
कागदी_वाघ, एवढ्यात निकाल लावू नका. खरे सूरबधिर शंभरात फार तर चार, काहींच्या मते त्याहून कमी. माँट्रियलच्या संशोधकांनी २००३ साली त्यासाठी सहा भागांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यात सुरांबरोबर लय आणि स्मरणही तपासतात. ओळखीची चाल कोणी चुकीची गायलं तर तुम्हाला खटकतं का? खटकत असेल तर कान ठीक आहे, घोडं गळ्यात अडलंय.
आणि चाचणी फोनच्या भोंग्यावर देऊ नका, खालचे सूर धड वाजतच नाहीत. इअरफोन लावा.
जाता जाता, तानपुरा शांतपणे ऐकलात तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कोणी छेडलेला नसताना. तो पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरता असतो. मला हे कळायला वीस वर्षं लागली, तोवर पेटीच खरी वाटायची.

कागदी_वाघ
खटकतं की! बायको गाते तेव्हा फार खटकतं. (ती हे वाचत नाही.)

चाळीशी_पार
कोणी फ्रिज ऐकलाय का? रात्री पेटीवर लावून बघितला. पांढरी पाच (पाचवी पांढरी पट्टी), पण किंचित चढा.

षड्ज_शोधक
बरोबर. वीज ५० हर्ट्झची, घरघर येते तिच्या दुपटीने, १०० वर. पांढरी पाच साधारण ९८. कान चांगला आहे तुमचा.

चाळीशी_पार
आईशप्पथ! नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, मग आता फ्रिज उतरवून आण.

मुकी_सतार
उशिरा लिहितेय. सहा वर्षांपूर्वी उजव्या कानाला संसर्ग झाला. बरा झाला, ऐकूही येत होतं. एक दिवस फोन डावीकडून उजवीकडे घेतला आणि रिंगच बदलली. जवळजवळ अर्धा सूर वर. पुन्हा डावीकडे घेतला, पुन्हा खाली. दहा वेळा केलं असेल तिथेच उभं राहून. दोन्ही कानांनी ऐकलं की सतार बेसूर वाटायची, म्हणून खोळीत घालून ठेवली. चार महिन्यांनी दोन्ही कान जुळले. सतार अजून खोळीतच आहे, का ते माहीत नाही.

डग्गा
काढा हो बाहेर. तारा बदला आधी, त्या गंजल्या असणार.

निळीसावळी
आले. कुकर झाला, आता मुलीला आणायला जायचंय. उद्या नक्की.

खर्जातली
मुकी_सतार, तुझं वाचलं आणि काटा घेऊन बसले. गुडघ्यावर आपटून आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडे एकच. तरी चार वेळा बघितलं.
पोरगं विचारतंय, फ्रिजपाशी काटा नेला तर वांव-वांव ऐकू येईल का. म्हटलं, कुठे ५१२ आणि कुठे १००, नाही येणार. तरी गेलाय स्वयंपाकघरात.